दुसरी मोटार घ्यावी, की मेट्रो आणि बसवर विसंबावे? कर्वेनगर ते खराडी आणि चिंचवड प्रवासाबाबत सल्ला हवा आहे

कर्वेनगरकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात येत्या महिन्याभरात एक मोठ्या खर्चाचा निर्णय घ्यायचा आहे. तो घाईने घेऊन पुढची सात वर्षे हप्ते फेडत बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. माझे कार्यालय खराडीत आहे, म्हणजे एका बाजूस सुमारे १७ किलोमीटर. पत्नी चिंचवडच्या एका शाळेत शिकवते. आजवर ती कोथरूडच्या एका सहशिक्षिकेबरोबर त्यांच्या गाडीतून जात असे, परंतु त्या बाई आता निवृत्त होत असल्याने ही सोय संपणार आहे. मुलगी डेक्कनच्या महाविद्यालयात बसने जाते. वडील ७६ वर्षांचे आहेत आणि महिन्यातून दोनदा तरी त्यांना शिरूरजवळच्या गावी, शेतावर जायचे असते. घरात ११ वर्षे जुनी पेट्रोलची मोटार आणि पेट्रोलचीच एक स्कूटर आहे.

पत्नीसाठी दुसरी मोटार घ्यावी, असे आमचे जवळजवळ ठरले होते. बारा लाखांपर्यंतची मर्यादा आहे, त्यांपैकी नऊ लाख कर्जाऊ घ्यावे लागतील. सीएनजीची घ्यावी की विजेवरची, एवढाच प्रश्न उरला होता. मध्येच मुलीने महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी घरातल्या पेट्रोलच्या पावत्या मागून घेतल्या आणि बेरीज मांडली. महिन्याला साधारण ९० लिटर पेट्रोल आम्ही जाळतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे आमच्या घराचा महिन्याचा वाटा दोनशे किलोंच्या वर झाला. तिने त्याची तुलना स्वयंपाकाच्या गॅसशी केली, तेव्हा तो पाच भरलेले सिलिंडर जाळण्याइतका निघाला. आमच्या स्वयंपाकघरात एक सिलिंडर सव्वा महिना पुरतो. ती वही पाहिल्यापासून दुसरी पेट्रोलची गाडी हा पर्याय माझ्या मनातून पुरता उतरला आहे, परंतु नेमके काय करावे हे मात्र सुचत नाही.

पैसे वाचावेत आणि धूरही कमी व्हावा, या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून साधतील का? रोज मेट्रोने जाणाऱ्यांचा, विजेवरची वाहने वापरणाऱ्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

मुळामुठा

कर्वेनगरकर, आपला प्रश्न वाचून पहिली विनंती अशी की, इंधन कोणते हे ठरवण्याआधी घरातल्या सगळ्या फेऱ्या एका कागदावर लिहून काढाव्यात. आपण गाडीचा विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर गाडी असते, फेरी नसते. आणि खर्च व धूर हे दोन्ही फेरीगणिक होत असतात. कोण, कुठून, कुठे, किती वाजता, किती सामान घेऊन, आठवड्यातून किती वेळा, इतके लिहिले की निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्या कागदावरच सापडतात. आम्ही तीन वर्षांपूर्वी हे केले, तेव्हा आमच्या घरातल्या पेट्रोलपैकी फार मोठा भाग एकाच माणसाच्या एकाच फेरीत जळत असल्याचे लक्षात आले. आपल्याकडेही तसेच दिसते आहे.

आपली खराडीची फेरी घ्या. रोज ३४ किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे जवळजवळ ७५० किलोमीटर. अकरा वर्षांची गाडी कर्वे रस्ता आणि नगर रस्त्याच्या गर्दीत लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर ६२ लिटर झाले. म्हणजे मुलीच्या वहीतल्या ९० लिटरांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक तुमच्या एका फेरीचे आहे आणि त्याचे महिन्याला साडेसहा हजार रुपये होतात. दुसरी मोटार कोणत्याही इंधनाची आणली, तरी हे ६२ लिटर तसेच राहतील, कारण ती गाडी पत्नीसाठी असणार आहे. घरातला सर्वांत मोठा धूर आहे तसाच ठेवून नवा खर्च डोक्यावर घेण्याचा हा प्रकार होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता मेट्रो. वनाज ते रामवाडी ही मार्गिका मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे आणि रामवाडीपासून खराडी चार-पाच किलोमीटरवर राहते. मेट्रोचे कमाल भाडे ३५ रुपये आहे. तेच धरले, तरी येण्याजाण्याचे ७० रुपये होतात. कर्वेनगर ते नळ स्टॉप आणि रामवाडी ते खराडी या दोन्ही टोकांच्या बससाठी रोजचे ५० रुपये धरा. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीएमएलचे किमान भाडे १० रुपये झाले आहे, त्या दरानेच हा अंदाज केला आहे. रोजचे १२० आणि महिन्याचे २,६४० रुपये होतात, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये वाचतात. पार्किंग, टायर आणि ब्रेक यांची झीज निराळीच.

पत्नीच्या बाबतीत तर मेट्रो अधिकच सोयीची आहे. नळ स्टॉपला बसून जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदलायची आणि थेट पीसीएमसी स्थानकात उतरायचे. तिथे वनाज-रामवाडी मार्गिका उंचावर आहे, तर पिंपरीकडे जाणारी मार्गिका जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. त्यामुळे गाडी बदलताना एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात आणि पहिल्या दिवशी माणूस थोडा गोंधळतो. त्यासाठी सहा-सात मिनिटे हाताशी ठेवावीत. चिंचवडपर्यंतचा उरलेला तुकडा बसने करता येतो.

नऊ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास बसतो. शिवाय विमा आहे आणि सोसायटीत दुसऱ्या गाडीला जागा मिळवायची आहे. गाडी विजेवरची असो वा सीएनजीची, हप्ता तोच राहतो. इंधनाच्या दरावर आपण जितकी चर्चा करतो, तितकी या आकड्यावर करत नाही. माझा सल्ला असा की, दुसरी मोटार सध्या घेऊ नये. दोघांनीही तीन आठवडे मेट्रोचा प्रवास नेमाने करून पाहावा, रोजच्या वेळा टिपाव्यात आणि मग ठरवावे.

सकाळचीपाळी

मी स्वतः कोथरूडहून शिवाजीनगरला नोकरीला जाते आणि २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून तिचा वापर करते. मुळामुठा यांचा हिशेब मला मान्य आहे, परंतु ताईंच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या, दृष्टीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्थानक निवडताना नकाशावरचे अंतर पाहू नका, चालण्याची वाट पाहा. संध्याकाळी सात-साडेसातला त्या वाटेवर दिवे आहेत का, पदपथ सलग आहे की मध्येच टपऱ्या आणि लावलेल्या दुचाक्यांमुळे रस्त्यावर उतरावे लागते, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, हे एकदा प्रत्यक्ष चालून पाहिल्याखेरीज कळत नाही. नळ स्टॉपला खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी रचना आहे. तिथे कोणत्या बाजूच्या जिन्याने उतरलात यावर पुढचा रस्ता ओलांडावा लागतो की नाही, हे ठरते. मी पहिले दोन महिने चुकीच्या बाजूला उतरत होते आणि त्या चार मिनिटांच्या धडपडीने पहिली बस रोज डोळ्यांदेखत निघून जायची. बाजू बदलली आणि बस मिळू लागली.

दुसरे असे की, शिक्षिकांजवळ वह्यांचे ओझे असते. परीक्षेच्या दिवसांत तपासायच्या उत्तरपत्रिका घेऊन तीन वाहने बदलणे जिवावर येते. त्या चार-सहा दिवसांसाठी रिक्षा किंवा घरातली मोटार वापरली, तर काहीही बिघडत नाही. वर्षातले दोनशे दिवस मेट्रोने जाणारी व्यक्ती दहा दिवस मोटारीने गेली, म्हणून तिने हार मानली असे नव्हे. पुष्कळ जण याच एका कारणाने सार्वजनिक वाहतूक सोडून देतात, ते पाहून वाईट वाटते.

मुलीला मेट्रोच्या विद्यार्थी कार्डावर तिकिटात ३० टक्के सवलत मिळते. ती बसनेच जात असेल, तर तिला निराळे काही करण्याची गरज नाही; तुमच्या घरातला सर्वांत कमी धुराचा प्रवास आजच ती करते आहे.

वीजतंत्री

माझे विद्युत जोडणीच्या कामाचे दुकान आहे आणि गेल्या चार वर्षांत सोसायट्यांमध्ये गाड्या चार्ज करण्यासाठीच्या बऱ्याच जोडण्या मी केल्या आहेत, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. मोटारीबद्दल वर जे लिहिले आहे, ते पटण्यासारखे आहे. पण घरातली पेट्रोलची स्कूटर बदलण्याचा विचार मात्र जरूर करावा, कारण विजेचा खरा फायदा दुचाकीत आहे. तीन युनिटांची बॅटरी असलेली स्कूटर शहरात, मागे माणूस बसलेला असताना, ऐंशी ते शंभर किलोमीटर चालते. म्हणजे एका युनिटात तीस किलोमीटर धरायला हरकत नाही. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देत असेल, तर किलोमीटरला दोन रुपये तीस पैसे पडतात. विजेवर, १०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यातला घरगुती दर धरला, तरी पन्नास पैशांच्या आतच काम होते.

दर कसा मोजायचा, हे मात्र नीट समजून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि पुढच्या टप्प्यात तो जवळजवळ दुप्पट होतो. तुमचे बिल आजच ९० युनिटांच्या आसपास असेल, तर स्कूटरची वीस-पंचवीस युनिटे बहुतेक पुढच्या टप्प्यात जातील. त्यामुळे जाहिरातीतला ‘पंधरा पैसे किलोमीटर’ हा आकडा तुमच्या बिलात दिसणार नाही. तरीही पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्यात काम होते. स्मार्ट मीटर बसला असेल, तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. घरी कोणी असेल, तर गाडी दुपारीच चार्ज करावी.

जोडणीबाबत माझा आग्रह असा की, तळमजल्यावरच्या दिव्याच्या बोर्डातून वायर ओढून चार्जिंग कधीही करू नये. आपल्या स्वतःच्या मीटरपासून वाहनतळापर्यंत जाड, आवरण असलेली स्वतंत्र केबल, १६ अँपिअरचा सॉकेट, जादा भार आल्यास वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती झाल्यास ती तोडणारा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग, एवढे असलेच पाहिजे. परवानाधारक कंत्राटदाराकडूनच काम करून घ्यावे आणि त्याचे प्रमाणपत्र सोसायटीला द्यावे. एका सोसायटीत मला सात महिने परवानगी मिळाली नव्हती. आग लागेल, ही एकच भीती सभेत वारंवार मांडली जात होती. शेवटी आम्ही अध्यक्षांना खाली बोलावले, त्यांच्यासमोर सॉकेट पूर्ण भारावर दोन तास चालवला आणि केबलला हात लावून पाहायला सांगितले. ती जेमतेम कोमट झाली होती. पुढच्या सभेत परवानगी मिळाली. आपल्या विद्यमान जोडणीवरून घरी गाडी चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे, हेही अर्जात लिहावे.

गाडी निवडताना दुरुस्तीचे केंद्र घरापासून किती लांब आहे, हे आधी पाहा आणि मग बाकीचे. माझ्या भावाची स्कूटर पहिल्याच पावसाळ्यात बंद पडली. एका जोडाच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता, बाकी काहीही बिघडलेले नव्हते. पण तो सुटा भाग येईपर्यंत गाडी तीन आठवडे दुकानात उभी होती आणि तो रोज रिक्षाने जात होता. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, आणि तिची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळणार, हे लेखी घ्यावे.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. ६२ लिटर आपल्या एकट्याच्या खात्यावर आहेत, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पत्नीने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. पुढच्या सोमवारपासून दोघेही मेट्रोने जाणार आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, विजेवरच्या गाड्यांची वीजही शेवटी कोळशातूनच येते, मग धूर कमी होतो की नुसता चंद्रपूर-कोराडीकडे सरकतो? दुसरी, वडिलांच्या गावच्या फेऱ्यांचे काय करावे? त्यांना एसटीने पाठवणे म्हणजे त्यांची हेळसांड करणे, असे मला वाटते.

मुळामुठा

पहिल्या शंकेचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. भारतात एक युनिट वीज तयार होताना, सगळी कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची आणि उन्हाची वीज एकत्र धरून, सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेवरची लहान मोटार युनिटला सात किलोमीटर चालते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवली, तर किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आसपास हिशेब येतो. तुमची पेट्रोलची गाडी लिटरला १२ या हिशेबाने १९० ग्रॅम सोडते. सीएनजीची मोटार किलोला २२ किलोमीटर चालली, तर १२५ ग्रॅम. तेव्हा मोटारींपुरते पाहिले, तर विजेने धूर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही, हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. वीजनिर्मितीत सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढत जाईल, तसा आज घेतलेल्या विजेच्या गाडीचा धूर दरवर्षी आपोआप घटेल, ही मात्र तिची मोठी जमेची बाजू आहे. पेट्रोलची गाडी जुनी होत जाते तशी अधिकच धूर सोडते. शिवाय नगर रस्त्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकात जाणारा धूर विजेच्या गाडीमुळे आजच थांबतो.

आता बस पाहा. सीएनजीवरची मोठी बस एक किलो वायूत तीनेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ९०० ग्रॅम. आकडा मोठा वाटतो. पण तिच्यात चाळीस माणसे असतील, तर एकाच्या वाट्याला २२-२३ ग्रॅम येतात. एकट्या माणसाने नेलेल्या विजेवरच्या मोटारीच्या तुलनेत हा पाचवा हिस्सा झाला आणि तोही वायूवर चालणाऱ्या बसमध्ये! पुण्यात २०१९ पासून विजेवरच्या बसगाड्याही आल्या आहेत. विजेवरची स्कूटर २५ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणून वीजतंत्री यांची सूचना मला पटते.

हे सगळे लिहिताना एक तळमळ आहे, ती सांगतो. स्वच्छ वाहतूक म्हटले की चर्चा लगेच मोटारींच्या अनुदानाकडे वळते. परंतु ज्यांच्याकडे मोटार घेण्याइतके पैसे कधीच नव्हते, ते घरकाम करणाऱ्या बायका, इमारतींचे रखवालदार, हातगाडीवाले, हेच या शहरात सर्वांत कमी धूर करून फिरतात आणि तिकीट वाढले की सर्वांत आधी त्यांच्याच खिशाला झळ बसते. जून २०२५ मध्ये बसचा मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपये झाला, तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी सकाळची बस सोडून वारज्याहून चालत येणे सुरू केले. आता आम्ही तीन-चार घरांनी मिळून त्यांच्या पासाचे पैसे पगारात धरले आहेत. आपल्या ओळखीत कोणाला शक्य असेल, तर त्यांनीही जरूर करावे.

अकरा वर्षांची मोटार विकू नका, असेही सुचवतो. नवी गाडी कारखान्यात तयार होतानाच काही टन कार्बन हवेत गेलेला असतो. जुनी गाडी महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर निघणार असेल, तर तीच सांभाळणे पैशाच्या आणि हवेच्याही दृष्टीने बरे.

रानवाट

आमचे गाव पारनेर तालुक्यात असल्याने दुसऱ्या शंकेबद्दल मी लिहिते. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली ती अहमदनगर-पुणे याच मार्गावर, आणि ७४ वर्षांनी त्याच तारखेला, १ जून २०२२ रोजी, विजेवरची ‘शिवाई’ही याच मार्गावर सुरू झाली. तुमचे शिरूर त्याच रस्त्यावर आहे. वडील ७६ वर्षांचे आहेत, म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास राज्यभर मोफत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. त्यामुळे वडील आणि ताई दोघे गेले, तर अर्ध्या तिकिटात दोघांचा प्रवास होतो. सवलत कोणकोणत्या गाड्यांना लागू आहे, हे तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

हेळसांडीबद्दल एक अनुभव सांगते. माझ्या सासऱ्यांना आम्ही कितीतरी वर्षे मोटारीने नेत होतो आणि ते वाटभर मागच्या सीटवर गप्प बसून असत. एकदा गाडी कामाला गेली होती, म्हणून एसटीने गेलो. शिक्रापूर येईपर्यंत त्यांनी शेजारच्या माणसाबरोबर कांद्याचा भाव, विहिरीचे पाणी आणि दोघांच्या ओळखीची तीन घरे एवढे सगळे बोलून घेतले होते. त्यानंतर ते स्वतःहून एसटीच मागू लागले. अर्थात चढण्याची पायरी उंच असते आणि गुडघे दुखत असतील तर त्रास होतो, तेव्हा पहिल्या एक-दोन वेळा सोबत जावे, शक्यतो शिवाजीनगर आगारातून बसवून द्यावे आणि खिडकीची जागा आरक्षित करावी. शिरूरच्या स्थानकापासून शेतापर्यंतचा तुकडा गावातल्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवला, की अडत नाही. पेरणी-काढणीच्या दिवसांत खतांची पोती, बी-बियाणे न्यायचे असते, तेव्हा मोटार आहेच.

दादर_टीटी

भाड्याच्या मुद्द्यावर मुंबईचा एक अनुभव नोंदवतो. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले. माझ्या रोजच्या थांब्यावर, जिथे सकाळी शेअर रिक्षाची रांग असे, तिथे पुढच्या काही आठवड्यांत बसची रांग मोठी झालेली मी पाहिली आणि शहरभर बसचे प्रवासी झपाट्याने वाढले. पण प्रवासी वाढले त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. स्वस्त तिकिटाने माणसे येतात, मात्र बस वेळेवर आणि पुरेशा असल्या तरच ती टिकतात. या दोन्ही गोष्टींना पैसा लागतो आणि तो महापालिका व राज्य सरकार यांनी रस्त्यांच्या खर्चाइतकाच आवश्यक मानून दिला पाहिजे, असे माझे मत आहे.

मुंबईची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ पासून विजेवर धावते आहे. शंभर वर्षे आम्ही विजेवरच्या वाहनाने कामाला जातो आणि पासही सामान्य माणसाला परवडतो. पुण्यात आता जे उभे राहत आहे, ते भरलेले राहावे यासाठी स्थानकापर्यंतच्या जोडबस मागत राहा. आमच्याकडे ती मागणी प्रवासी संघटनांनी पिढ्यान्‌पिढ्या लावून धरली, म्हणून थोडेफार मिळत गेले.

श्टुटगार्टहून

मी मूळची चिंचवडची, आता जर्मनीत राहते. येथे २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोंचा मासिक पास होता आणि १ मे २०२३ पासून ४९ युरोंत देशभरच्या स्थानिक गाड्या, ट्राम व बस चालणारा एकच पास आला. पुढे त्याची किंमत वाढत गेली, तरीही मी मोटार विकली ती या पासाच्या भरवशावर. पैशांपेक्षाही सोय अशी की, शहर बदलले तरी तिकीट कोणते काढावे, हा विचारच करावा लागत नाही. पुण्यात मेट्रो, पीएमपीएमएल आणि एसटी या तिन्हींचा एकच मासिक पास निघावा, अशी माझी फार इच्छा आहे. सुट्टीत आईकडे येते, तेव्हा तीन प्रकारची तिकिटे सांभाळताना तिची होणारी धावपळ दिसते.

कर्वेनगरकर (तीन आठवड्यांनंतर)

सांगितल्याप्रमाणे वेळा टिपल्या, त्या येथे देत आहे. मोटारीने मला घर ते कार्यालय कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ९५ मिनिटे लागत असत. मेट्रोने १५ दिवसांत कमीत कमी ६४ आणि जास्तीत जास्त ७८ मिनिटे लागली. सरासरी वेळ थोडा वाढला, पण किती वाजता पोहोचणार हे सकाळीच सांगता येऊ लागले, आणि त्यांपैकी अठ्ठावीस-तीस मिनिटे मी बसून वाचू शकतो. पत्नीला सरासरी ७० मिनिटे लागली. तिने नळ स्टॉपचा योग्य जिना दुसऱ्याच दिवशी शोधून काढला. सकाळचीपाळी यांना तिने खास धन्यवाद कळवले आहेत. तीन दिवस आम्ही मोटार काढली: एकदा मुसळधार पाऊस होता, एकदा उत्तरपत्रिका होत्या आणि एकदा मला ताप होता.

वडील एसटीने एकदा जाऊन आले. जाताना मी सोबत होतो, येताना ते एकटेच आले आणि शिवाजीनगरहून त्यांना घ्यायला मी गेलो. पायरी त्यांना जड गेली, हे खरे आहे. वाहकाने हात दिला. पुढच्या पंधरवड्याचे आरक्षण त्यांनी मुलीकडून आताच करून घेतले आहे.

दुसरी मोटार घेणार नाही, असे ठरले आहे. पेट्रोलची स्कूटर देऊन विजेवरची घेणार आहोत. वीजतंत्री यांनी लिहिलेला जोडणीचा तपशील मी सोसायटीच्या अर्जाला जसाच्या तसा जोडला आहे आणि रविवारी सभा आहे. मुलीच्या वहीत या महिन्याचे पेट्रोल ३१ लिटर लागले आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. रामवाडीहून खराडीकडे सकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ या वेळेत बसला इतकी गर्दी असते, की दोनदा मला दार धरून उभे राहावे लागले. त्या वेळेत त्या बाजूला जाणारे कोणी येथे असतील, तर चार जणांनी मिळून ठरलेली रिक्षा करता येईल. शिवाय त्या अर्ध्या तासासाठी जादा बस मिळावी, असा अर्ज मी लिहायला घेतला आहे. त्यावर जितक्या रोजच्या प्रवाशांच्या सह्या मिळतील तितक्या हव्या आहेत. ज्यांना सही करायची असेल, त्यांनी येथेच कळवावे, मी सोमवारी पावणेनऊ वाजता रामवाडी स्थानकाच्या नगर रस्त्याकडच्या जिन्याखाली कागद घेऊन उभा राहीन.